गिझरचा दिवा लागतो, पाणी मात्र कोमटच: पुन्हा पुन्हा होणाऱ्या बिघाडाचं मूळ कसं शोधावं

"बाबा, परत पाणी कोमट येतंय." मुलीचा हा फोन गेल्या डिसेंबरात तिसऱ्यांदा आला. ती घोडबंदर रोडला राहते, मी नेरूळला. तिच्या २५ लिटरच्या गिझरचं एलिमेंट, म्हणजे पाणी तापवणारी कांब, वर्षभरात दोनदा बदललं होतं. पाणी तापलं की वीज तोडणारा थर्मोस्टॅटही एकदा नवा झाला होता. प्रत्येक दुरुस्तीनंतर आठ-दहा दिवस पाणी झकास, मग एके सकाळी तिचे सासरे बादलीत हात घालून म्हणणार, "आज काही तापलेलं नाही." त्यांचे गुडघे धरलेले असतात, थंडीत गरम पाण्याशिवाय त्यांचं भागत नाही. म्हणून यावेळी मिस्त्रीला बोलावण्याआधी मी स्वतः ठाण्याची लोकल पकडली.

माझी नोकरी ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्यात, इलेक्ट्रिकल मेंटेनन्समध्ये गेली. तिथे आम्हाला एक सवय लावली होती: मोजल्याशिवाय सुटा भाग बदलायचा नाही. घरगुती दुरुस्तीत नेमकं उलट होतं. पाणी तापत नाही म्हटलं की एलिमेंट बदलतात, कारण तो भाग पिशवीत तयार असतो. कधी तेच कारण असतं, कधी नसतं. नसलं की तोच बिघाड महिन्याभरात परत येतो आणि घरच्यांना वाटतं, गिझरच खराब निघाला. खाली लिहिलेलं सगळं मुलीच्या घरी आणि त्याआधी शेजारीपाजारी करून पाहिलेलं आहे. त्यासाठी एक बादली, एक घड्याळ, १०० अंशांपर्यंतचा थर्मामीटर आणि विजेचा मीटर एवढंच लागतं. तापाचा थर्मामीटर चालणार नाही, तो ४२ अंशांच्या आसपास संपतो.

आधी एक गोष्ट अगदी कळकळीने सांगतो. गिझरचं खालचं झाकण उघडायचं असेल तर भिंतीवरचं बटण बंद करून भागत नाही. एमसीबी, म्हणजे बोर्डावरचा खटका, खाली पाडा, प्लग असेल तर तो काढून बाजूला ठेवा, आणि टेस्टर आधी चालू असलेल्या सॉकेटवर लावून तो स्वतः ठीक आहे ना ते बघून मगच गिझरच्या टोकांना लावा. बाथरूमची ओली फरशी, अनवाणी पाय आणि २३० व्होल्ट. विजेच्या कामाची सवय नसेल तर झाकणाच्या आतलं काम इलेक्ट्रिशियनकडे सोपवा. निदानाचं बहुतेक काम झाकण न उघडता होतं, आणि ते घरातलं कोणीही करू शकतं.

कोमट म्हणजे नेमकं कसं?

मुलीला मी फोनवरच विचारलं, "अगं, पाणी अजिबात तापत नाही, की थोडं तापून लगेच गार होतं?" ती म्हणाली, "कधी कधी छान कढत येतं, कधी पहिल्यापासूनच कोमट." हे "कधी कधी" फार महत्त्वाचं होतं. ते मी ऐकलं, पण त्याचा अर्थ दुसऱ्या दिवशी लागला.

तक्रारीचं रूप नीट बघा. पाणी मुळीच तापत नसेल, नळाला येणारं आणि गिझरचं पाणी सारखंच असेल, तर वीज एलिमेंटपर्यंत पोचत नाही किंवा एलिमेंट तुटलंय. तापायला पूर्वीपेक्षा फार वेळ लागत असेल तर वीज कमी मिळतेय. पहिला तांब्या कढत आणि अर्ध्या बादलीत पाणी गार, असं असेल तर टाकीतलं गरम पाणी बाहेर यायच्या आधीच त्यात थंड पाणी मिसळतंय. दिवा लवकर विझतो आणि पाणी मात्र जेमतेम ऊन असतं, तेव्हा थर्मोस्टॅट घाईने तोडतोय. आणि कधी छान, कधी कोमट असं चाललं असेल तर गिझर सोडून घरातल्या नळांकडे बघा.

यासोबत आपल्या अपेक्षेचाही हिशेब करावा लागतो. पुष्कळ तक्रारी इथेच मिटतात. पाणी तापवायला लागणारे युनिट काढायचं सोपं सूत्र आहे: लिटर गुणिले वाढवायचे अंश, भागिले ८६०. हिवाळ्याच्या सकाळी टाकीचं पाणी २५ अंशांचं धरलं आणि ते ६० पर्यंत न्यायचं असेल, तर २५ लिटरला २५ × ३५ ÷ ८६०, म्हणजे एक युनिटच्या किंचित वर. २००० वॉटचं एलिमेंट तासाला दोन युनिट देतं, म्हणून अर्धा तास. १५ लिटरला त्याच हिशेबाने १८ मिनिटं. दहा मिनिटांत बटण बंद करून आंघोळीला गेलात तर दोष गिझरचा नाही.

६० अंशांचं २५ लिटर पाणी थंड पाण्यात मिसळून ४० अंशांवर आणलं तर कागदावर सुमारे ५८ लिटर होतं, म्हणजे २० लिटरच्या जेमतेम तीन बादल्या. १५ लिटरच्या गिझरातून दोन बादल्याही पुऱ्या होत नाहीत. चौघंजण पाठोपाठ आंघोळ करत असतील आणि चौथ्याला गार पाणी मिळत असेल, तर तिथे दुरुस्त करण्यासारखं काही नाही. दोन आंघोळींच्या मध्ये वेळ सोडावा लागेल, नाहीतर मोठी टाकी घ्यावी लागेल.

मीटरचा लुकलुकणारा दिवा

ही युक्ती मला सगळ्यात प्रिय आहे, कारण तिला हत्यार लागत नाही. महावितरणच्या इलेक्ट्रॉनिक मीटरवर एक बारीक लाल दिवा लुकलुकत असतो. त्याच्याजवळ 'इम्प' असं लिहून एक आकडा दिलेला असतो, पुष्कळ मीटरांवर तो ३२०० असतो. त्याचा अर्थ, एक युनिट वीज वापरली की दिवा ३२०० वेळा लुकलुकतो. घरातलं सगळं बंद करा, फ्रिजसुद्धा, फक्त गिझर चालू ठेवा आणि मिनिटाला किती वेळा दिवा लागतो ते मोजा. ती संख्या गुणिले ६०,००० भागिले मीटरवरचा आकडा, हे झाले वॉट. २००० वॉटच्या गिझरला ३२०० च्या मीटरवर मिनिटाला १०७ च्या आसपास लुकलुकायला हवं. इतक्या वेगाने मोजताना चूक होते, म्हणून अर्धा मिनिट मोजून दुप्पट करा. किंवा मोबाइलवर चित्रण करून नंतर सावकाश मोजा.

मुलीच्या इमारतीत मीटर तळमजल्यावरच्या खोलीत आहेत. वॉचमनकडून किल्ली घेतली, मी खाली उभा राहिलो, ती वर. फोनवर ती म्हणाली, "लावला गिझर." अर्ध्या मिनिटात ५२ लुकलुकाट. म्हणजे १९५० वॉट. एलिमेंट ठणठणीत होतं, वीज पुरेपूर मिळत होती. २७ मिनिटांनी थर्मोस्टॅटने तोडलं. तोवर पाऊण युनिटहून जास्त, साधारण ०.८८ युनिट वीज टाकीत गेली होती. उलट्या हिशेबाने २५ लिटरचं पाणी ३० अंशांनी तापायला हवं. नळाचं थंड पाणी मोजलं होतं २४ अंश, म्हणजे टाकीत ५४ अंशांचं पाणी असायला हवं.

वर गेलो आणि फक्त गरम नळ सोडून बादली भरली. थर्मामीटरने ३६ दाखवले.

टाकीत उष्णता गेली होती, आणि ती टाकीतून नाहीशी होणं शक्य नव्हतं. मग बादलीत येईपर्यंत तिचं काय झालं? या प्रश्नाकडे परत येतो, कारण तुमच्याकडे मीटरचा आकडा वेगळाही येऊ शकतो.

आकडा शून्य किंवा कमी आला तर

मीटर जागचा हललाच नाही तर वीज गिझरात शिरत नाहीये. आधी एमसीबी बघा. मग प्लग काढून त्याच्या पिना बघा: तपकिरी झाल्या असतील, सॉकेटचं प्लास्टिक वितळल्यासारखं दिसत असेल, करपट वास येत असेल, तर दोष तिथेच सापडला. २००० वॉटला ८.७ अँपिअर करंट लागतो, ३००० वॉटला १३. त्यासाठी १६ अँपिअरचा सॉकेट आणि किमान अडीच स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर हवी. ३००० वॉट असेल तर मी चारची घालतो. नेरूळच्या जुन्या सिडको इमारतींत गिझरचा पॉइंट पुष्कळदा नंतर ओढलेला आहे, आणि तो लाइटच्या बारीक वायरीवरून ओढलेला मी पाहिला आहे. अशा ठिकाणी स्क्रू सैल होतो, सांधा तापतो, तापल्यामुळे आणखी सैल होतो. गिझर कधी चालतो, कधी नाही. हा बिघाड नुसता त्रासाचा नाही, आगीचा आहे, त्यामुळे तो दिसल्या दिवशीच सॉकेट आणि टोकं बदलून घ्या.

वीज गिझरपर्यंत येत असेल आणि दिवा लागत नसेल, तर खालच्या झाकणाआड थर्मल कटआऊट असतो. पाणी मर्यादेबाहेर तापलं की तो सर्किट तोडतो. पुष्कळ गिझरांत त्याला एक बारीक लाल बटण असतं, ते दाबलं की तो पुन्हा जोडला जातो. एकदा दाबून बघायला हरकत नाही. पण दोन दिवसांत पुन्हा पडला तर थर्मोस्टॅट चिकटला आहे, तो वेळेवर तोडत नाहीये, असं समजा आणि थर्मोस्टॅट बदला. काही जण कटआऊट काढून दोन वायरी थेट जोडून देतात. "आता बंद पडणार नाही," असं वर सांगतात. कृपया हे कोणालाही करू देऊ नका. थर्मोस्टॅट चिकटल्यावर टाकीतलं पाणी उकळण्यापासून थांबवणारा तो शेवटून दुसरा पहारेकरी आहे. शेवटचा कोण, ते पुढे येतं.

एलिमेंट तपासायला मल्टिमीटर लागतो. दोन्ही वायरी सोडवून त्याच्या टोकांमध्ये ओहम, म्हणजे विजेला होणारा विरोध, मोजायचे. २३० व्होल्टवर २००० वॉटच्या एलिमेंटला सुमारे २६ ओहम दिसायला हवेत, ३००० वॉटला साडेसतराच्या आसपास. काहीच दाखवलं नाही तर आतली तार तुटली. एलिमेंटचं टोक आणि टाकीचा धातू यांच्यात मात्र काहीही दाखवता कामा नये. तिथे आकडा आला तर एलिमेंटचं कवच फुटून पाणी आत शिरलंय. अशा गिझरने आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की तोडणारा खटका, पडतो, आणि घरात आरसीसीबी नसेल तर पाण्याला हात लावला की मुंग्या येतात. नळाला हात लावल्यावर किंचित झिणझिण्या आल्या तरी तो गिझर त्याच क्षणी बंद करा.

मुलीकडे हाच मल्टिमीटर उपयोगी पडला, पण उलट्या बाजूने. दुसऱ्या वेळी मिस्त्रीने काढून टाकलेलं जुनं एलिमेंट तिने माळ्यावर ठेवलं होतं. मी ते मोजलं: २७ ओहम, कवच शाबूत. म्हणजे दुसऱ्यांदा बदललेलं एलिमेंट चांगलं होतं आणि ते उगाच बदललं. तरीही पुढचे आठ-दहा दिवस पाणी गरम कसं आलं? इथे मी बराच वेळ अडकलो.

आकडा शून्य नसून कमी आला तर व्होल्टेज मोजून घ्या. व्होल्टेज २३० वरून २०० वर आलं तर २००० वॉटचं एलिमेंट १५०० वॉटच देतं, आणि अर्ध्या तासाचं काम ४० मिनिटांवर जातं. संध्याकाळीच हे होत असेल आणि शेजाऱ्यांकडेही तसंच असेल, तर महावितरणकडे तक्रार नोंदवा. तुमच्या एकट्याकडेच असेल तर न्यूट्रलचा सैल जोड शोधा.

दोन घरं, दोन प्रकारचं पाणी

माझा नेरूळचा गिझर आणि मुलीचा गिझर आम्ही एकाच दिवशी घेतले होते, एकाच कंपनीचे, एकाच मापाचे. माझ्याकडे अजून पहिलं एलिमेंट आहे. तिचं पहिलं एलिमेंट खरोखरच जळालं होतं, ते मी त्या वेळी डोळ्यांनी पाहिलं होतं. टाकी रिकामी केली तेव्हा तळातून दीड तांब्या पांढरी खडी निघाली, आणि एलिमेंटची वेटोळी चुन्याचा लेप दिल्यासारखी दिसत होती.

फरक पाण्याचा आहे. नेरूळला मोरबे धरणाचं पाणी येतं. धरणात साठलेलं पावसाचं पाणी मृदू असतं. ठाण्याच्या महापालिकेच्या पाण्याचंही, भातसेच्या बाजूने येणाऱ्या पाण्याचं, तसंच आहे. पण घोडबंदर रोडच्या कितीतरी सोसायट्या टँकरवर आणि बोअरवर उभ्या आहेत. आपल्या काळ्या पाषाणातून झिरपलेल्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे बायकार्बोनेट विरघळलेले असतात. पाणी तापलं की कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे चुनखडी, खाली बसते. सगळ्यात तापलेली जागा एलिमेंटची, म्हणून ती तिथेच आधी धरते. पातेल्यात बोअरचं पाणी रोज उकळलं की तळाला जी पांढरी पापडी येते, तीच ही.

क्षार चढल्यामुळे पाणी उशिरा तापतं असं सगळे म्हणतात, मीही म्हणायचो. नीट विचार केला तर तसं नाही. एलिमेंट तेवढीच वीज घेतं आणि ती उष्णता शेवटी पाण्यातच जाते. क्षार दोन वेगळ्या गोष्टी करतात. एलिमेंटची उष्णता पटकन बाहेर पडू देत नाहीत, त्यामुळे ते स्वतः भलतंच तापून लवकर जळतं. आणि थर्मोस्टॅटची नळी एलिमेंटच्या वेटोळ्यांच्या शेजारीच असते, तिच्यावर खडीचा पूल बांधला गेला की तिला पाण्याऐवजी एलिमेंटचीच धग लागते. तिला वाटतं पाणी तापलं, आणि ती तोडते. दिवा सात-आठ मिनिटांत विझतो, पाणी कोमट राहतं. अशा वेळी थर्मोस्टॅट बदलून काही होत नाही, नवा थर्मोस्टॅटही त्याच खडीत बसतो. टाकी उघडून साफ करावी लागते.

साफसफाईत एवढं सांभाळा. पुष्कळ टाक्यांना आतून काचेसारखा लेप असतो, तिथे स्क्रू ड्रायव्हरने खरवडू नका, खडी हाताने आणि पाण्याच्या धारेने काढा. एलिमेंट बाहेर काढून, त्याची विजेची टोकं कोरडी ठेवून, लिंबूफुलाच्या पाण्यात तासभर बुडवा. लिटरला दोन मोठे चमचे पुरतात, फेस येतो आणि थर सुटतो. संडास धुवायचं अ‍ॅसिड वापरू नका, ते धातू खातं. आत एक मॅग्नेशियमची कांडी असते. ती स्वतः झिजून टाकीला गंजण्यापासून वाचवते, म्हणून ती पेन्सिलीइतकी बारीक झाली असेल तर लगेच नवी घाला. झाकणाचं रबरी वायसर नवंच घ्या. आणि पुन्हा चालू करण्याआधी गरम नळातून सलग, हवेशिवाय पाणी येईपर्यंत थांबा. कोरड्या टाकीत एलिमेंट काही मिनिटांतच जळतं, अगदी नवं कोरं असलं तरी.

टँकरचं पाणी असेल तर ही सफाई दरवर्षी दिवाळीच्या आधी करा, आणि थर्मोस्टॅट ५५ च्या वर ठेवू नका. पाणी जितकं जास्त तापवाल तितकी खडी जास्त.

गरम पाणी जातं कुठे

आता मुलीच्या बादलीकडे. टाकीत ५४, बादलीत ३६.

पहिली शंका पाइपांची. गिझरच्या खाली थंड पाण्याच्या जागी निळी कडी आणि गरमच्या जागी लाल कडी असते. सफाईनंतर किंवा रंगकामासाठी गिझर उतरवल्यानंतर पाइप उलटे लागले तर थंड पाणी टाकीच्या वरच्या भागात शिरतं आणि खालचं अर्धवट गरम पाणी बाहेर येतं. गरम पाणी हलकं असल्यामुळे ते वर जमतं आणि बाहेर जाणारी नळी आतून वरपर्यंत गेलेली असते, ती याचसाठी. ती आतली नळी गंजून तुटली तरी असाच परिणाम होतो. मुलीकडे पाइप बरोबर होते. शिवाय उलटे पाइप रोजच त्रास देतात, आठ-दहा दिवस सोडून नाही.

मग मी गिझरला पाणी देणारा कॉक पूर्ण बंद केला आणि गरम नळ सोडला. टाकीत पाणी शिरत नाही, म्हणजे गरम नळातून काहीच यायला नको होतं. पण नळ वाहतच राहिला. एक मिनिट, दोन मिनिटं, धार तशीच.

हे पाणी गिझरातून येत नव्हतं. थंड पाण्याच्या पाइपातून ते कुठूनतरी गरम पाइपात शिरत होतं.

तिचा एकच गिझर दोन बाथरूमना पाणी देतो. दुसऱ्या बाथरूममध्ये वॉल मिक्सर, म्हणजे गरम-थंड पाणी मिसळणारा भिंतीवरचा नळ, आहे, आणि गेल्या वर्षी त्याला मुठीत बटण असलेला हँड शॉवर लावला. नातवाला न्हाऊ घालताना सोयीचा म्हणून. आंघोळ झाली की शॉवरचं बटण बंद करतात. मिक्सरच्या दोन्ही चकत्या, म्हणजे गरम आणि थंडच्या फिरवायच्या मुठी, उघड्याच राहतात, कारण पाणी तर थांबलेलं असतं. पण बटण बंद आणि दोन्ही चकत्या उघड्या, म्हणजे मिक्सरच्या पोटात थंड आणि गरम पाइप एकमेकांना जोडलेले. गरम बाजूचं पाणी गिझर, त्याचा व्हॉल्व्ह आणि क्षाराने अरुंद झालेल्या पाइपातून दमून येतं. थंड बाजूला पूर्ण जोर असतो. सासरे पहिल्या बाथरूममध्ये गरम नळ सोडत, तेव्हा दुसऱ्या बाथरूममधलं थंड पाणी मिक्सरमधून गरम पाइपात घुसून त्यांच्या बादलीत येई. गिझर बिचारा आपलं काम चोख करत होता.

आणि दुरुस्तीनंतर आठ-दहा दिवस बरे जायचे त्याचं कारणही तेच. मिस्त्री काम करण्याआधी घरातले सगळे नळ, सगळ्या चकत्या नीट बंद करायचा. नंतर जोवर कोणी मिक्सर उघडा ठेवून फक्त शॉवरचं बटण दाबत नसे, तोवर पाणी गरम. नातू येऊन गेला, की पुन्हा कोमट.

मिक्सरच्या दोन्ही चकत्या बंद केल्या आणि पुन्हा बादली भरली. ५२ अंश. व्याह्यांनी हात घातला आणि पटकन मागे घेतला. "अहो, हे तर चटका बसण्याइतकं आहे," ते म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावरचा आनंद पाहून माझी नेरूळहून केलेली खेप वसूल झाली.

तुमच्याकडे बटणाचा शॉवर नसला तरी एका दांडीने चालणाऱ्या नळाचं आतलं काट्रिज झिजलं, तर थंड पाणी याच वाटेने पलीकडे जातं. कॉक बंद करून गरम नळ सोडायची चाचणी दोन्हींना लागू पडते. दोषी नळ सापडत नसेल तर एकेका नळाखालचे अँगल कॉक आळीपाळीने बंद करत जा. ज्याने धार थांबते, तो दोषी.

कायमचा उपाय म्हणून प्लंबरकडून त्या मिक्सरच्या थंड आणि गरम, दोन्ही जोडांवर पाणी उलटं जाऊ न देणारे छोटे नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवून घेतले. ते मिक्सरपाशीच हवेत. गिझर आणि त्याच्या सेफ्टी व्हॉल्व्हच्या मध्ये काहीही बसवू नका.

सेफ्टी व्हॉल्व्हला बूच मारू नका

तो सेफ्टी व्हॉल्व्ह म्हणजेच शेवटचा पहारेकरी. गिझरच्या थंड बाजूला तो असतो, आणि पाणी तापताना त्यातून थेंब थेंब पाणी गळतं. अनेकांना तो बिघाड वाटतो. पाणी तापलं की फुगतं: २५ अंशांवरून ६० पर्यंत जाताना २५ लिटरचं पाणी सुमारे साडेतीनशे मिलिलिटरने वाढतं. वाटीदोनवाटी पाणी बाहेर पडायला जागा हवीच. या गळतीला कंटाळून एका घरी व्हॉल्व्हच्या तोंडात टेफ्लॉन टेप कोंबून वर टोपी लावलेली मी पाहिली, आणि ती तिथल्या तिथे काढायला लावली. टाकीवरचा दाब जायला दुसरी वाट नसते. थेंब नको असतील तर तोंडाला बारीक नळी लावून तिचं दुसरं टोक जाळीपाशी सोडा. गिझर बंद असतानाही सतत धार लागत असेल तर मात्र व्हॉल्व्ह बदला किंवा पाण्याचा दाब मोजून घ्या. उंच इमारतींत खालच्या मजल्यांवर दाब जास्त असतो, दर १० मीटर उंचीला सुमारे एक बार वाढतो.

छोटे गिझर आणि गॅसचे

तीन लिटरचे, ३००० वॉटचे गिझर साठवत नाहीत, वाहत्या पाण्याला तापवतात. ते मिनिटाला सुमारे ४३ किलोकॅलरी देतात. नळ मिनिटाला सहा लिटर सोडला तर पाणी सातच अंशांनी तापणार. तीन लिटर सोडला तर चौदा अंशांनी. तक्रार घेऊन येणाऱ्याला मी आधी नळ अर्धा बंद करायला सांगतो. २० लिटरची ऊन बादली भरायला सात मिनिटं लागणारच.

पाइपच्या गॅसवर चालणारे गिझर ठाणे-नवी मुंबईत पुष्कळ झालेत. ते पेटलेच नाहीत तर आधी दोन्ही मोठे सेल बदला, मग पाण्याच्या जाळीतला गाळ काढा. पाण्याचा जोर कमी असला की आतला पडदा उचलला जात नाही आणि बर्नर पेटत नाही. टाकीच्या लगेच खालच्या मजल्यावर राहणाऱ्यांना हे नेहमी भोगावं लागतं. सिलिंडरसाठी बनवलेला गिझर पाइपच्या गॅसला लावला तर जेट, म्हणजे गॅस सोडणारी बारीक भोकं, वेगळे असल्यामुळे ज्योत मंद राहते आणि पाणी कोमट येतं. तो त्या गॅससाठीच बनलेला हवा.

आणि गॅसचा गिझर बाथरूमच्या आत नको. बंद खोलीत त्याच्यापासून कार्बन मोनॉक्साइड साठतो. त्याला ना वास, ना रंग. आंघोळ करणाऱ्याला फक्त गरगरतं, आणि मग दार उघडायचं बळही उरत नाही. तो बाहेर, मोकळ्या हवेत लावून गरम पाण्याचा पाइप आत घ्या. ज्योत निळी नसून पिवळी दिसली तर त्याच दिवशी बंद करून गॅसच्या माहितगार माणसाला बोलवा.

मुलीच्या मिक्सरशेजारी मी आता एक चिठ्ठी चिकटवली आहे: आधी दोन्ही चकत्या, मग बटण. नातवाला वाचता येत नाही अजून, पण त्याने ती पाठ केली आहे. जानेवारी गेला, फेब्रुवारी गेला, कोमट पाण्याचा फोन आला नाही. येत्या दिवाळीआधी टाकी उघडायला जायचं आहे, लिंबूफूल आणि वायसर पिशवीत काढून ठेवलंय.